थरच्या वाळवंटातले नदीचे पाणी : मुंबईकर श्रोत्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे दादर, गिरगाव, विलेपार्ले आणि मुलुंड येथील वाचनालयांत व शाळांत मी पश्चिम राजस्थानातील कालव्यांविषयी छायाचित्रांसह बोलत आलो आहे. कार्यक्रम संपल्यावर श्रोते जे प्रश्न विचारतात, त्यांतील बरेचसे ठिकाण बदलले तरी तेच असतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तो विषय दोन वाक्यांत सांगितला तर चुकीचा समज होतो.

वाळवंटात नदी आहे तरी कोणती?

थरची स्वतःची म्हणावी अशी मोठी नदी एकच, लूणी. अजमेरजवळच्या अरवलीत उगम पावून ती नैर्ऋत्येकडे वाहते आणि कच्छच्या रणात जिरून जाते. बालोतऱ्यापर्यंत तिचे पाणी बरेचसे गोडे असते, पुढे ते खारट होत जाते. तिचे नावच लवणावरून आलेले आहे. पाली, बालोतरा आणि जोधपूर येथील कापड रंगवण्याच्या उद्योगांचे सांडपाणी तिच्यात आणि तिच्या उपनद्यांत शतकभर नव्हे, तरी कित्येक दशके मिसळत आले आहे, त्यामुळे जे थोडे गोडे पाणी होते तेही काठच्या विहिरींत बिघडले.

मात्र आज थरमध्ये जे नदीचे पाणी दिसते, ते मुख्यतः हिमालयातून आलेले आहे. पंजाबात सतलज आणि बियास यांच्या संगमाजवळ हरिके येथे बंधारा आहे. तेथून निघणारा राजस्थान फीडर २०४ किलोमीटर लांबीचा असून त्याच्यापुढे ४४५ किलोमीटरचा मुख्य कालवा जैसलमेर जिल्ह्यातील मोहनगढपर्यंत जातो. हाच इंदिरा गांधी कालवा. १९८४ पूर्वी त्याला राजस्थान कालवा म्हणत. स्थानिक लोक मात्र त्याला नुसते ‘नहर’ म्हणतात.

हे पाणी किती, हे मुंबईच्या हिशेबात सांगता येईल का?

येईल, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचे काही नीट समजत नाही. फीडरची मुखाशी वहनक्षमता १८,५०० क्युसेक आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे सव्वापाच लाख लिटर. बृहन्मुंबई महानगरपालिका शहराला रोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवते. फीडर पूर्ण क्षमतेने वाहत असेल, तर मुंबईचे एका दिवसाचे पाणी तेथून साधारण दोन तासांत वाहून जाते.

वर्षाचा हिशेबही पाहावा. मोडकसागर, तानसा, भातसा, विहार, तुळशी, मध्य वैतरणा आणि अप्पर वैतरणा ही सातही ठिकाणे काठोकाठ भरली, तर १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटरच्या आसपास साठा होतो. इंदिरा गांधी कालव्यासाठी धरलेला वाटा ७.५९ दशलक्ष एकर-फूट, म्हणजे या साठ्याच्या जवळपास साडेसहा पट आहे. प्रत्यक्षात दरवर्षी तेवढे मिळत नाही. तरीही, ‘वाळवंटात पाणीच नाही’ हे चित्र मनात धरून बसलेल्या श्रोत्याला हा आकडा ऐकून धक्का बसतो. तो बसायला हवा, कारण तेथला खरा प्रश्न पाणी कोणत्या ठिकाणी, कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या सांगण्यावरून वापरले जाते, हा आहे.

कालवा मुळात कशासाठी काढला?

या कल्पनेची मुळे बिकानेर संस्थानात आहेत. महाराजा गंगासिंह यांनी १९२७ साली सतलजचे पाणी गंग नहरेने आणले आणि आजच्या श्रीगंगानगरचा उजाड भाग पिकाखाली आला. १९४८ साली बिकानेरचे मुख्य अभियंता कँवर सेन यांनी त्याहून कितीतरी मोठी योजना मांडली. १९५८ च्या मार्चमध्ये गोविंद वल्लभ पंत यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९६१ साली पहिले पाणी सुटले. मधल्या काळात १९६० चा सिंधू जलकरार होऊन रावी, बियास व सतलज या पूर्वेकडील तीन नद्यांचे पाणी भारताच्या वाट्याला आले होते. त्याशिवाय एवढे पाणी राजस्थानकडे वळवताच आले नसते.

उद्देश अनेक होते आणि ते पहिल्यापासूनच एकमेकांना छेद देणारे होते. दुष्काळ हटवावा, देशाला धान्य मिळावे, सीमेलगतचा निर्जन मुलूख वसवावा, भूमिहीनांना जमीन द्यावी आणि माणसांना व जनावरांना प्यायला पाणी मिळावे. यात आणखी एका गोष्टीची भर पडली. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात पौंग धरणाखाली ज्यांची घरे व भातशेती बुडाली, त्या हजारो कुटुंबांना याच कालव्याच्या लाभक्षेत्रात जमीन देण्याचे ठरले. हिरव्या डोंगरउतारावर वाढलेल्या माणसाला वाळूच्या टेकाडांमधला तुकडा मिळाला. कित्येकांना तोही वेळेवर वा निर्वेध मिळाला नाही आणि त्यांचा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कालव्याच्या हिरव्या छायाचित्रांत ही माणसे कधी दिसत नाहीत, म्हणून मी त्यांचा उल्लेख प्रत्येक व्याख्यानात आवर्जून करतो.

एकाच कालव्याच्या पाण्याचे परस्परविरुद्ध उपयोग होतात, म्हणजे नेमके काय?

कालव्याचे दोन टप्पे आहेत. पहिला टप्पा मुख्य कालव्याच्या १८९ किलोमीटरपर्यंतचा, दुसरा त्यापुढचा. पहिल्या टप्प्यात दर हजार एकरांमागे ५.२३ क्युसेक पाणी धरले गेले, तर दुसऱ्या टप्प्यात ३ क्युसेक. पहिल्या टप्प्यातली जमीन तुलनेने सपाट व चांगली, तर पुढची अधिक वालुकामय, म्हणजे जास्त पाणी पिणारी. म्हणजे जिथे कमी पाण्यात भागले असते तिथे जास्त पाणी मिळाले.

हनुमानगढ, सुरतगढ, अनूपगढ या भागांत या पाण्यावर गहू, मोहरी आणि कापूस उभा राहिला. कापसाला तिकडे ‘नरमा’ म्हणतात. श्रीगंगानगरचा किन्नू आपल्याकडेही हिवाळ्यात फळवाल्यांच्या गाडीवर येतो. वाफे तुडुंब भरून पाणी द्यायचे, ही तिकडची रुळलेली रीत. पंजाबातून आलेल्या शेतकऱ्यांना तेच शेतीचे ज्ञान होते आणि पाणी मुबलक होते तोपर्यंत त्यात कोणाला चूक दिसली नाही.

शेपटाकडे, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या भागात, बिकानेरच्या पश्चिमेला आणि जैसलमेरात, त्याच पाण्याकडे लोक वेगळ्या नजरेने पाहतात. तेथे शेतकरी शेतात ‘डिग्गी’ म्हणजे शेततळे खोदतो, पाळीत, म्हणजे ठरवून दिलेल्या वेळेत, आलेले पाणी त्यात साठवतो आणि पंप लावून तुषार सिंचनाने ग्वार, हरभरा किंवा भुईमूग घेतो. त्याच्या शेजारी राठी किंवा थारपारकर गायींचा कळप पाण्यावर येतो. सुरतगढचे औष्णिक वीज केंद्र याच कालव्याचे पाणी वापरते आणि बाडमेरची तहान भागवणारी नळयोजनाही मोहनगढपासूनच निघते.

पाळी कमी झाली की हे सगळे उपयोग एकमेकांसमोर उभे राहतात. २००४ साली घडसाना आणि रावला भागातील पहिल्या टप्प्यातल्या शेतकऱ्यांनी ठरलेल्या पाण्यासाठी मोठे आंदोलन केले आणि त्यात शेतकऱ्यांचे प्राण गेले. ते आंदोलन हावरेपणाचे होते, असे मला वाटत नाही. कित्येक दशके एका हिशेबाने शेती उभी करायला लावून एका हंगामात तो हिशेब बदलला, तर माणूस रस्त्यावर येणारच.

पाळी कशी ठरते? आपल्या शेजपाळीसारखीच असते का?

तत्त्व जवळचे आहे, व्यवहार वेगळा आहे. आपल्याकडे शेजपाळीत शेतकरी पाण्याचा अर्ज करतो, पीक मंजूर होते आणि पाटकरी क्रमाने पाणी देतो. तिकडे ‘बाराबंदी’ आहे. आठवड्याचे १६८ तास त्या मोघ्यावरील सगळ्या जमिनीत एकरांच्या प्रमाणात वाटले जातात. ‘मोघा’ म्हणजे वितरिकेच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्याच्या, काठातले ठरावीक मापाचे तोंड. तुम्ही काय पेरले आहे हे कोणी विचारत नाही. तुमची वेळ तुमची, तिला मिनिटांचा हिशेब असतो आणि ती दिवसा येईल की रात्री, हे पाळीपत्रकावर अवलंबून असते.

अनूपगढच्या अलीकडच्या एका चकात जानेवारीच्या रात्री मी ही पाळी पाहिली. तिकडे नव्या वसाहतींना ‘चक’ म्हणतात. गंग नहरेच्या भागात ‘३ ई छोटी’ अशी आकडा आणि इंग्रजी अक्षर जोडलेली गावांची नावे आहेत, कारण गाव वसण्याआधी वितरिका आखली गेली आणि तिचेच नाव गावाला पडले. ज्यांच्याकडे मी उतरलो होतो, त्यांची पाळी दोन वाजून सतरा मिनिटांनी सुरू होणार होती. ते दोनलाच खांद्यावर कस्सी, म्हणजे आपल्या फावड्यासारखे अवजार, टाकून खाळ्यावर, म्हणजे शेतांकडे पाणी नेणाऱ्या चारीवर, येऊन उभे राहिले. वरच्या अंगाचा शेजारीही हातात विजेरी घेऊन उभा होता. दोघांनी एकमेकांच्या मोबाइलवरची वेळ जुळवून पाहिली. सतरा मिनिटे होताच शेजाऱ्याने आपला नक्का, म्हणजे शेतात पाणी वळवायचे तोंड, चिखलाने बुजवला, यांनी आपला फोडला आणि अंधारात आधी फक्त आवाज आला, मग विजेरीच्या उजेडात मातीवरून सरकत येणारी फेसाची एक पातळ कड दिसली. खाळा भरायला लागणारा वेळ ‘भराई’ म्हणून धरून मिळतो, पण वाटेत जे पाणी पाझरते त्याची भरपाई मिळत नाही. म्हणूनच मोघ्यापासून दूरच्या शेतकऱ्याला तेवढ्याच मिनिटांत कमी पाणी पोचते. त्या रात्री आम्ही अगदी शेवटच्या शेतात होतो.

‘सेम’ म्हणजे काय?

पाणी साचून जमीन निकामी होणे म्हणजे सेम. सांगली-कोल्हापूरकडे उसाला बेसुमार पाणी दिल्याने जमिनी क्षारपड झाल्या, हे आपल्याला ठाऊक आहे. सेम हे त्याचेच वाळवंटातले रूप आहे. वाळूखाली अनेक ठिकाणी जिप्समचा किंवा चुनखडीचा कठीण थर असतो. वरून दिलेले पाणी त्यातून खाली झिरपत नाही, तिथेच साचते आणि वर चढू लागते. पहिल्या टप्प्यातल्या काही भागांत भूजलाची पातळी वर्षाला जवळपास मीटरभर चढत गेली. पाण्याबरोबर मीठ वर आले, पाणी उन्हाने उडाले आणि मीठ राहिले. घग्गर नदीचे पुराचे पाणी सुरतगढजवळच्या सखल भागांत सोडले गेल्याने तेथली स्थिती आणखी बिघडली.

बडोपलच्या परिसरात मी पाहिलेल्या एका घराच्या भिंतीला गुडघ्यापर्यंत लोणा लागला होता. बोट लावले की गिलावा पिठासारखा गळत होता. अंगणाच्या पलीकडे, जिथे पूर्वी हरभरा होत असे, तिथे माणसाच्या उंचीचे पाणकणीस वाढले होते आणि त्यात पाणकोंबड्या फिरत होत्या. घराच्या मालकीणबाईंनी सांगितले की त्यांच्या सासूबाई चार कोसांवरून पाणी आणत. त्याच घरातली पुढची पिढी पाणी वाढले म्हणून गाव सोडून चालली होती. या एका अंगणात उभे राहिल्यावर पाणी आणणे आणि पाणी वापरणे यांतला फरक जितका कळतो, तितका कोणत्याही तक्त्याने कळत नाही.

वाळवंट हिरवे झाले, तर त्यात वाईट काय आहे?

हा प्रश्न मला नेहमी थोड्या नाराजीने विचारला जातो आणि ती नाराजी योग्य आहे. लाखो माणसांच्या पोटाला त्या शेतीने अन्न दिले, कालव्याने घराघरांत पाणी पोचवले, हे नाकारणे अन्यायाचे होईल. माझा आक्षेप दुसऱ्याच गोष्टीला आहे. कालव्यापूर्वी ही जमीन रिकामी होती, असे गृहीत धरले गेले. ती रिकामी नव्हती. जैसलमेर आणि बिकानेरच्या वाळूत सेवण नावाचे गवत वाढते. ते वर्षाला दीडशे-दोनशे मिलिमीटर पावसावर जगते, दुष्काळातही बुंध्यातून पुन्हा फुटते आणि त्याच्यावर गायी, मेंढ्या व उंट पोसले जातात. राईका आणि इतर पशुपालक समाजांचे अर्थकारण त्या गवतावर उभे होते. नांगर फिरला की सेवण संपते. चराईची कुरणे शेतांच्या चौकटींत कापली गेली आणि कळपांचे जुने मार्ग बंद झाले. सोलापूरच्या नान्नजमुळे आपल्याला माहीत असलेला माळढोक आज प्रामुख्याने जैसलमेरच्या याच गवताळ माळांवर उरला आहे.

दुसऱ्या टप्प्यात कमी पाणी देऊन कुरणे आणि वने वाढवावीत, असा विचार तज्ज्ञांनी वेळोवेळी मांडला होता. माझ्या मते तोच योग्य होता. वाळवंटात नदीचे पाणी आधी प्यायला, मग चाऱ्याला आणि त्यानंतर उरले तर तुषारावरच्या हलक्या पिकांना, हा क्रम धरला असता, तर तेवढ्याच पाण्यात अधिक माणसे आणि जनावरे सुखाने राहिली असती.

शहरांना या पाण्याचा काय फायदा झाला?

मोठा झाला. बिकानेरला उपसा कालव्याने पाणी मिळते आणि जोधपूरला राजीव गांधी उपसा कालव्याने, तेही टप्प्याटप्प्याने पंपांनी उचलून. जोधपूरच्या कायलाना आणि तख्तसागर जलाशयांत ते साठवतात. जुन्या शहरातल्या बावड्या व झालरे, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, ज्यांतून पिढ्यान्‌पिढ्या पाणी काढले जात होते, ते नळ आल्यावर वापराविना पडले. त्यांतले पाणी उपसले जाईना, नळ आणि जलाशय पाझरत राहिले आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जुन्या जोधपूरच्या तळघरांत पाणी चढू लागले. वाळवंटातल्या शहरात दुकानदार सकाळी शटर उघडून आधी पंप लावतो आणि तळघरातले पाणी गटारात सोडतो, हे दृश्य मुंबईच्या श्रोत्यांना पटत नाही. त्याच वेळी, दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर दुरुस्तीसाठी ‘नहरबंदी’ होते, तेव्हा याच शहरांत एक दिवसाआड, कधी दोन दिवसांआड पाणी येते.

दुसरा मार्ग शक्य होता, याला काही पुरावा आहे का?

आहे, आणि तो त्याच वाळवंटात आहे. नर्मदेचे पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या लवादाने १९७९ साली राजस्थानला अर्धा दशलक्ष एकर-फूट पाणी दिले. ते २००८ साली जालोर आणि बाडमेरमध्ये पोचले. या लाभक्षेत्रात पहिल्यापासून तुषार सिंचन सक्तीचे केले गेले. डिग्गीत पाणी, तेथून नळ्या, तेथून तुषार. वाफे भरून पाणी द्यायला परवानगीच नाही. अडचणी तिथेही आहेत. विजेचे, पंपांच्या दुरुस्तीचे, शेपटाला पाणी न पोचण्याचे वाद आहेत. पण कमी पाण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावता येते, हे त्यातून दिसले.

त्याच लवादाने महाराष्ट्राला पाव दशलक्ष एकर-फूट पाणी दिले आणि नंदुरबार जिल्ह्यातील ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडिताखाली आली. सांचोरच्या शेतात फिरणाऱ्या तुषाराकडे पाहताना मला अक्राणी-अक्कलकुव्याचे डोंगर आठवल्याखेरीज राहत नाही.

सिंधू करार स्थगित झाल्यामुळे थरला जास्त पाणी मिळेल का?

एप्रिल २०२५ नंतर हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो. पूर्वेकडील तीन नद्या करारानुसार आधीच भारताच्या वाट्याच्या आहेत आणि कालव्यात त्यांचेच पाणी येते. पश्चिमेकडील नद्यांचे पाणी वळवायचे तर डोंगरांतून बोगदे आणि नवे कालवे लागतील, त्याला वर्षे लागतात. शिवाय जे पाणी आज येते त्यातले बरेच सेमखाली जाते. अधिक पाणी आणण्याआधी त्याचा हिशेब मांडावा लागेल.

पंजाब हे पाणी द्यायला नाखूश का असतो?

पंजाबचे म्हणणे असे की राजस्थान या नद्यांच्या काठावरचे राज्यच नाही. १९८१ च्या करारात रावी-बियासच्या पाण्यापैकी ८.६ दशलक्ष एकर-फूट राजस्थानला दिले गेले. २००४ साली पंजाबने असे करार रद्द करणारा कायदा केला आणि तो घटनेशी सुसंगत नाही, असे मत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिले. पंजाबात भातासाठी विहिरी खोल खोल जात आहेत आणि त्यांच्या शेजारून कालवा भरून वाहतो, हे तिथल्या शेतकऱ्याला सलते. ते सलणे खरे आहे. भाताऐवजी दुसऱ्या पिकाला हमी मिळाली असती, तर ते कमी झाले असते.

आणखी एक गाऱ्हाणे उलट दिशेने येते. पंजाबातील कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी सतलजमध्ये मिसळून कालव्यात उतरते. श्रीगंगानगरकडे लोक त्याला काळे पाणी म्हणतात आणि हेच पाणी पुढे पिण्यासाठी शुद्ध करावे लागते.

कालव्यापूर्वी लोक पाणी कसे मिळवत?

टांके, म्हणजे आपल्या किल्ल्यांवरच्या टाक्यांचे भाऊबंद. अंगणाला उतार देऊन पावसाचे पाणी त्यात उतरवत. जैसलमेरकडे खडीन होते : उताराच्या पायथ्याशी बांध घालून पावसाचे पाणी अडवायचे, ते मुरू द्यायचे आणि त्या ओलीवर वरून एक थेंबही न देता गहू-हरभरा घ्यायचा. कित्येक खडीन आजही पिकतात.

आम्हा मुंबईकरांचा याच्याशी काय संबंध?

कुलाब्याला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी आपले बहुतेक पिण्याचे पाणी शंभरेक किलोमीटरवरून येते. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर मे महिन्यात टँकर येतात. मी एकदा टँकरच्या रांगेत हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकांशी बोलत होतो. पलीकडे काही अंतरावर मुंबईची जलवाहिनी जात होती आणि तिच्या सांध्यातून पाणी ठिबकत होते. एका मुलीने त्या थेंबांखाली बाटली लावली होती. पाणी कोणाच्या दारावरून जाते आणि कोणाच्या घरात येते, हा प्रश्न समजून घ्यायला थरपर्यंत जावे लागत नाही, तरी तेथे तो उघड्यावर दिसतो.

हा भाग पाहायला जायचे असेल, तर कधी आणि कसे जावे?

मुंबईहून जोधपूर आणि बिकानेरला थेट रेल्वेगाड्या आहेत. जानेवारीत गेलात तर मोहरी फुललेली असेल आणि रात्रीच्या पाळ्या पाहता येतील. मी मात्र उन्हाळ्यात, पूर्ण नहरबंदीत जायला सांगतो. ऊन कडक असते, पण कालवा रिकामा असतो. हनुमानगढपासून मोहनगढपर्यंत त्याच्या काठाने गेलात, तर अस्तराच्या विटा, त्यांतल्या भेगा आणि तळाशी बसलेली वाळू पायी उतरून पाहता येते. वाटेत एखादा मेंढपाळ तळाच्या डबक्यावर कळप घेऊन आलेला दिसेल. त्याला वाट द्या आणि मेंढ्यांचे पाणी पिऊन होईपर्यंत गाडी सुरू करू नका.